‘मृत्यू कमी झाले नाहीत, मग प्रगती कसली?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फुफ्फुस प्रत्यारोपणानंतरच्या क्रॉनिक रिजेक्शनवरच्या (शरीर नवं फुफ्फुस हळूहळू नाकारत जातं, त्यावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत औषध बदलूनही तीन वर्षांत मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही, तेव्हा रुग्णांना खोटी आशा दाखवू नका. मृत्यूंबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला अजिबात पटत नाही.

त्या चाचणीत चार देशांतल्या पाच केंद्रांमधले २४९ रुग्ण होते. शरीराने नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दोन औषधांची त्यात तुलना केली होती. तीन वर्षांत सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के जणांना क्रॉनिक रिजेक्शन झालं, टॅक्रोलिमस घेणाऱ्यांपैकी १३ टक्के जणांना.

हे रिजेक्शन बहुतेकदा फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिका बुजवत नेतं. रुग्ण स्पायरोमीटरमध्ये छाती भरून श्वास घेऊन जोरात फुंकतो. समजा, प्रत्यारोपणानंतर फुंकरीच्या पहिल्या सेकंदात ३ लिटर हवा बाहेर पडत होती, ती २.४ लिटरवर आली, तीन महिने तिथेच किंवा त्याखाली राहिली आणि इन्फेक्शनसारखं दुसरं कारण सापडलं नाही, की निदान पक्कं होतं. ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने काहींचा आकडा थोडा सुधारतो, फोटोफेरेसिसने (रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर अतिनील किरण टाकण्याच्या उपचाराने) काहींची घसरण मंदावते. पण बुजलेली नलिका खात्रीने मोकळी करेल असं औषध आज कुणाकडेच नाही. म्हणून ते होऊच न देणं इतकं मोलाचं आहे. मृत्यू फार पुढची गोष्ट झाली. त्याआधी अंघोळ करतानाही धाप लागते, तो काळ तुमच्या हिशेबात कुठेच नाही. शिवाय तिसऱ्या वर्षी निदान झालेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे तीन वर्षांच्या आकड्यात दिसणार तरी कसं?

आणि फक्त मृत्यूच मोजायचे, तर २००६ सालची पिट्सबर्गची चाचणी आठवा. ५८ रुग्णांवरच्या त्या अभ्यासात श्वासावाटे घेतलेल्या सायक्लोस्पोरिनने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं होतं. पुढे मोठ्या चाचणीत तो फायदा टिकला नाही. म्हणजे मृत्यूंचा आकडाही फसवू शकतो.

स्कँडिनेव्हियातल्या चाचणीवर खरा आक्षेप घ्यायचा तर वेगळाच आहे: कोणाला कोणतं औषध मिळतंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत होतं. तरीही ३९ आणि १३ मधली तफावत एवढ्यावरून झटकून टाकता येईल, असं मला वाटत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा नातेवाईक सायक्लोस्पोरिनवर असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने बदलू नका; रक्तातली पातळी तपासत राहूनच तिचा डोस ठरवावा लागतो.