कार्ड लॉक आहे म्हणे!

सव्वा तास. सव्वा तास त्या दगडावर बसले होते. मुंग्या चावल्या, एक पाय झोपला, नाकावर बसलेली माशीसुद्धा हाकलली नाही. आणि तो आला. खंड्या. थेट समोरच्या फांदीवर, चोचीत मासा आडवा धरून, ऊन बरोब्बर पाठीवर, निळा रंग असा पेटलेला की बास. श्वास धरला, कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

‘कार्ड लॉक आहे.’

कोणी केलं लॉक? दहाच मिनिटांपूर्वी मी स्वतःच्या हाताने ते मेमरी कार्ड आत घातलं होतं! पहिलं भरलं म्हणून बदललं, तेवढाच गुन्हा. कार्डाच्या कडेला ती नखाच्या कोरीएवढी दांडी असते ना, ती. आत ढकलताना कुठेतरी घासली आणि सरकली खाली. कार्ड काढलं, दांडी वर केली, घातलं. लॉक. परत काढलं, परत वर केली, दातओठ खात पण हळुवार घातलं. लॉक! तोवर तिकडे खंड्याने मासा फांदीवर दोनदा आपटला, डोक्याकडून सावकाश गिळला, चोच पुसली, माझ्याकडे बघितलं (हो, बघितलं) आणि उडाला. तिसऱ्या वेळी कार्ड मुकाट्याने चाललं. माझ्याकडे आता रिकाम्या फांदीचे अकरा फोटो आहेत. काय फोकस आहे म्हणून सांगू! सालीची रेघ न् रेघ मोजून घ्या.

आणि ऐका, त्या दांडीला आतून काहीही जोडलेलं नसतं. कार्डाला स्वतःला पत्ताच नसतो आपण लॉक आहोत याचा. खाचेतला एक खटका दांडी कुठे आहे ते चाचपतो आणि मग कॅमेरासाहेब ठरवतात, आज लिहायचं नाही. एवढ्याशा प्लॅस्टिकवर माझा खंड्या गेला. इतक्या वर्षांत ‘चला, आज जरा कार्ड लॉक करून ठेवू’ असं मी एकदाही म्हटलेलं नाही. तुम्ही म्हटलंय? मायक्रो कार्डाला ती दांडीच नसते, त्याचं काही अडतंय का?

घरी येऊन दादाला सांगितलं तर म्हणे, “अगं, फॉरमॅट मार ना.” फॉरमॅट! या लोकांना काहीही सांगा. फोकस होत नाही, फॉरमॅट मार. स्क्रीन काळी पडते, फॉरमॅट मार. कार्डावरचे फोटो कुठे जातील, ते यांच्या गावीही नसतं. दुसरी जमात ‘बंद करून चालू करा’वाल्यांची. सेवा केंद्रात फोन केला की पहिलं वाक्य हेच, दुसरं ‘बॅटरी काढून परत घाला’. हो बाई, घातली. बॅटरी काढून परत घातली की तारीख पुसली जाते, कारण घड्याळ जपणारी आतली चिमुकली बॅटरी कधीच मेली आहे. म्हणून माझ्याकडचे सगळे पावसाळे, सगळी लग्नं, सगळे वाढदिवस 1 जानेवारीला झालेले आहेत.

मोठ्या बॅटरीबद्दल तर बोलायलाच नको. दिवसभर ऐटीत पूर्ण भरलेली दाखवते आणि नेमक्या क्षणी एकदम लाल. थंडीत पहाटे तर मान टाकते, खिशात घालून अर्धा तास उबवली की परत डोळे उघडते. मी फोटो काढायला जाते की अंडी उबवायला? आणि ते फोटोंचे नंबर! 9999 झाले की परत 0001 पासून सुरू. लॅपटॉपवर एकाच फोल्डरमध्ये टाकायला गेलं की ‘याच नावाची फाइल आहे, बदलू का?’ मी घाईत हो म्हटलं. दोन वर्षांपूर्वीची सहल गेली.

बरं, आता चिडलेच आहे तर तेही सांगून टाकते. मागे आठवडाभर मी लेन्सला शिव्या घातल्या होत्या. डोळा लावला की सगळं धूसर. लेन्स गेली, पैसे गेले, घरात कोणाशी धड बोलले नाही. फोटो लॅपटॉपवर टाकले तर लख्ख. डोळा लावतो तिथलं चष्म्याच्या नंबरचं चक्र बॅगेत घासून फिरलं होतं. त्याआधी ‘ऑटोफोकस मेला’ म्हणून बोंब मारली, तर लेन्सवरची पट्टी ‘एमएफ’वर, म्हणजे फोकस आपल्या हाताने करा. कोणी सरकवली ते मी सांगणार नाही. आणि एकदा तर चाळीसेक फोटो काढले, स्क्रीनवर प्रत्येक बघून मान डोलावली, आणि कार्ड लॅपटॉपमध्येच राहिलेलं. कार्ड नसताना बटण चालूच द्यायचं, अशी सोय असते मेनूत! म्हणजे कार्ड असलं की लिहिणार नाही, आणि नसलं की ‘काढा हो, काढा’. दादा त्या दिवशी फॉरमॅट मार म्हणाला नाही. नुसता हसला. ते जास्त लागलं.

तर आज सकाळी इलाज केला. दांडी वर ठेवून तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. कुठल्याही जाणत्याला विचारा, हाच उपाय सांगेल. कार्ड आत घातलं, लॉक नाही! उशीचा फोटो काढला, निघाला. पडद्याचा काढला, निघाला. मग उगाच, फक्त खात्री करायला, कार्ड बाहेर काढायला गेले.

पट्टीची कड आत अडकली आहे. कार्ड निघत नाहीये. दादा चिमटा आणायला गेलाय आणि जाताना काहीतरी पुटपुटला. काय ते मला नीट ऐकू आलंय.