‘नाइट सूटचा माल अडकवला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर माल वेळेत हातात पडला नाही, तुम्हाला मनस्ताप झाला, याबद्दल दिलगीर आहोत. आम्ही सीएचए, म्हणजे कस्टम्समधून इम्पोर्टरचा माल सोडवून देणारे एजंट. पण ‘या सीएचएला साधा नाइट सूटचा कोड कळत नाही, माल न्हावा शेवा बंदरात अडकवून पैसे खाल्ले’ असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, तेव्हा बोलणं भाग आहे. हे वाचून उद्या नवा इम्पोर्टर आमच्या दारात यायचा नाही.

नाइट सूटला कस्टम्सच्या टॅरिफमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या यादीत, एकच कोड नसतो हो. कापड होजिअरीचं, म्हणजे निटेड असेल तर चॅप्टर ६१, त्यात ६१०८. वोव्हन, म्हणजे मागावर विणलेलं असेल तर चॅप्टर ६२, त्यात ६२०८. पुढचे आकडे सुती की पॉलिएस्टर यावर. तुमच्या सप्लायरच्या इन्व्हॉइसवर एवढंच होतं: ‘लेडीज नाइट सूट, सॅटिन’. सॅटिन म्हटलं की लोक वोव्हन धरतात, पण निटेड सॅटिनही बाजारात येतं. म्हणूनच बिल ऑफ एंट्री, म्हणजे आलेल्या मालाची माहिती देणारा कस्टम्सचा कागद भरण्याआधी मी कापडाचा तुकडा मागितला होता. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर मॉडेलचा फोटो पाठवलात. फोटोत रंग दिसतो, वीण नाही. तुकडा हातात असता तर कडेचा धागा ओढून भिंगाखाली धरला असता; उभे-आडवे धागे आहेत की एकात एक अडकवलेले फासे, ते तिथेच कळलं असतं.

तेव्हाच मी म्हणालो होतो, फर्स्ट चेक मागू. म्हणजे कस्टम्स आधी माल उघडून बघतं, मग कोड आणि ड्यूटी ठरते. त्यात वेळ जातो, हे मीच सांगितलं. तुमचं उत्तर, ‘नको दादा, लवकर काढा.’ तो मेसेज अजून आहे माझ्याकडे. मग तपासणीत कार्टन उघडले तर कापड निटेड निघालं, आणि काही कार्टनमध्ये नुसते टॉप, पॅन्टचा पत्ता नाही! पॅकिंग लिस्टवर मात्र सगळे ‘सेट’. पायजमा सूट म्हणायचा तर वरचा-खालचा जोड हवा. सुटे छापील टॉप ६१०९ मध्ये, टी-शर्टमध्ये गेले, त्याला आम्ही काय करणार? चुकीचं डिक्लेरेशन म्हणून कस्टम्स कायद्याचं कलम १११(एम) लागलं असतं तर गोष्ट जप्तीपर्यंत गेली असती. ती टाळायला आमची माणसं किती धावली, ते रिव्ह्यूत कुठे आलं नाही.

‘साहेबांना भेटून मिटवता आलं असतं’ असंही लिहिलंयत. २०२० पासून फेसलेस असेसमेंट आहे. फाइल दुसऱ्याच शहरातल्या अधिकाऱ्यासमोर उघडते. आणि समोर बसलेला असता तरी ते काम आम्ही करत नाही. लायसन्सवर घर चालतं आमचं.

ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं, सीएफएसने, म्हणजे कंटेनर ठेवतात त्या गोदामाने घेतलं; डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत दिल्याचे पैसे, शिपिंग लाइनने. आमची फी ठरली तेवढीच. बिल ऑफ एंट्रीच्या दुरुस्तीच्या अर्जाचे वेगळे पैसे लावले नाहीत.

यापुढे कपड्याच्या मालाचं सॅम्पल आधी घ्यायचं, असं ऑफिसात सांगितलंय. फोन लागत नाही म्हणता, त्याचंही काहीतरी बघतो.

सगळ्या पावत्या तुम्हाला मेल केल्या आहेत, पुन्हा बघायच्या असतील तर बॅलार्ड इस्टेटला ऑफिसात या. एक स्टार ठेवायचा तर ठेवा. ‘पैसे खाल्ले’ हे दोन शब्द तेवढे काढा.