एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : अलॉय व्हीलवरचे पांढरे ओघळ

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत : "२,८०० रुपये घेऊन चारही अलॉयना कोटिंग केलं. काउंटरवर सांगितलं, आता वर्षभर बघायला नको. तीन आठवड्यांत पुढची चाकं काळी. दसऱ्याला घरी धुतली तर पांढरे डाग पडले, आणि मागच्या डाव्या चाकाचा रंग फुगलाय. कोटिंग-बिटिंग काही नाही, पाणी फवारून पैसे घेतात."

उत्तराला चार दिवस लागले. आधी जॉब कार्ड शोधलं, मग काम सुरू करायच्या आधी आम्ही काढलेले चारही चाकांचे फोटो तुमच्या फोटोंशेजारी ठेवून बघितले. त्यात आमच्या चुकाही सापडल्या. त्या आधी सांगतो.

"वर्षभर बघायला नको" हे आमच्या काउंटरवरच्या मुलानेच सांगितलं. त्याला विचारलं, त्याने कबूल केलं. हे वाक्य चूक आहे. कोटिंग वर्षभर टिकू शकतं, पण चाक त्याआधी पन्नास वेळा धुवावं लागतं. तुम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवलात, यात तुमचं काही चुकलं नाही.

दुसरी चूक मागच्या डाव्या चाकाची. आमच्याच फोटोत रिमच्या कडेला फुटपाथला घासल्याची बोटभर लांब खरड दिसते आणि तिच्या बाजूला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, किंचित उचललेलाही दिसतो. म्हणजे ती खरड आमच्याकडे यायच्या आधीची. पण ती जॉब कार्डवर लिहिलेली नाही, तुम्हाला दाखवलेली नाही, आणि तिच्यावरूनच कोटिंग मारलं. असं करायचं नसतं. क्लिअर कोटला एकदा तोंड फुटलं की ओल आत शिरते आणि खालचं ॲल्युमिनियम गंजायला लागतं. त्याचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो, पांढरा असतो, म्हणून लोकांना तो गंज वाटत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन रंगाचा पोपडा सुटतो, तोच प्रकार. वरून कितीही भारी कोटिंग लावा, पोपड्याखालची ओल थांबत नाही. त्या चाकाचे पैसे आम्ही घ्यायलाच नको होते.

आता "नुसतं पाणी फवारलं" याबद्दल. तुमच्याच दुसऱ्या फोटोत मागचं उजवं चाक आहे. त्याच्यावर पाणी कसं उभं आहे बघा : अळूच्या पानावर राहतं तसं, गोल थेंब-थेंब. कोटिंग नसतं तर पाणी पसरून चाकाला चिकटलं असतं. तुम्ही स्वतः करून बघा. धुतलेल्या चाकावर तांब्याभर पाणी ओता, पाच सेकंदांत उत्तर मिळेल.

मग पुढची दोन काळी का झाली? तुम्ही गाडी द्यायला आलात तेव्हा म्हणाला होतात, रोज वाईहून पाचगणीला जाणं-येणं असतं. म्हणजे रोज पसरणी घाट उतरायचा. उतारावर गाडीचा भार पुढे येतो आणि ब्रेकचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. ब्रेकची डिस्क बिडाची असते. पॅड तिच्यावर घासला की दोन्हींचा चुरा उडतो, तोही तापलेला. हा लोखंडाचा बारीक चुरा रिमवर बसतो, थोडा रुततो, दवात भिजतो आणि तिथेच गंजतो. राखाडी चाकावर जवळून तांबूस ठिपके दिसतात ते हेच. कोटिंग हा चुरा पडायचा थांबवत नाही. तो घट्ट बसू नये, पाण्या-शाम्पूने निघावा, एवढंच त्याचं काम. हे गाडी कामाला घेतानाच आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहिलात तर चुराही कमी होईल आणि पॅडही जास्त टिकतील.

पांढऱ्या डागांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

तुमचा तिसरा फोटो मोठा करून बघा. पुढच्या डाव्या चाकावरचे डाग गोल नाहीत. ते वरून खाली आलेले ओघळ आहेत. वरच्या स्पोकवर सुरुवात, नटांवरून खाली, आणि रिमच्या तळाशी जिथे द्रव साचलं तिथे सगळ्यात जाड पांढरा पट्टा. मधली प्लॅस्टिकची टोपीही ओघळापुरतीच मळकट झाली आहे. चाकाचे दोन नट तांबूस पडलेत, आमच्या फोटोत ते चकचकीत आहेत. आणि त्याच फोटोत उजव्या कोपऱ्यात, बादलीच्या मागे, संडास धुवायची निळी बाटली अर्धी दिसते.

सर, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, बाटलीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते चिनी मातीच्या भांड्यासाठी आहे. अलॉयवर प्रायमर, मग रंग, मग वर जेमतेम कागदाइतका पातळ क्लिअर कोट असतो. आमचं कोटिंग त्याहून कितीतरी पातळ. ॲसिड ओतून ठेवलं तर आधी कोटिंग जातं, मग क्लिअर कोट धुरकट होतो, आणि नटांचं जस्त उडून ते गंजायला लागतात. तुम्ही हे मुद्दाम केलं नाहीत, मला कळतं. दसऱ्याच्या पूजेत चाकाला ओल्या हळदी-कुंकवाची बोटं ओढतात, ती वाळली की शाम्पूने पटकन निघत नाहीत, आणि मग माणूस घरात जे जालीम असेल ते काढतो. आमच्या घरचीही गाडी अशीच पूजली जाते. मी आता बोटं टायरच्या रबरावर ओढायला सांगतो. आईला पटलेलं नाही.

घरी चाक धुवायला जालीम काहीच लागत नाही. घाटातून आल्या-आल्या पाणी मारू नका. स्पोकला हात लावून बघा, गार लागला तरच सुरुवात करा, नाहीतर साबण जागेवर वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. एका वेळी एकच चाक, तेही सावलीत. आधी नुसत्या पाण्याने माती पूर्ण सोडवा, विशेषतः पाचगणीकडची तांबडी माती. ती सोडवल्याशिवाय फडकं फिरवलं की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. मग बादलीत गाडीचा शाम्पू. कपड्याची पावडर नको, तारेची घासणी तर नकोच. चाकाची बादली आणि फडकी वेगळी ठेवा, तीच बॉनेटवर नेलीत तर लोखंडाचा चुरा बॉनेटवर ओरखडे काढतो. नटांच्या खोबणीत जायला दीड इंची रंगाचा ब्रश उत्तम, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर तो पत्राच रिमला घासतो. आम्हीही असेच ब्रश वापरतो. शेवटी मायक्रोफायबरने पुसून कोरडं करा. बोअरचं पाणी तसंच वाळू दिलं तर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात, आणि मग ते काढायला पुन्हा ती निळी बाटली आठवते.

तांबूस ठिपके राहिलेच तर दोन-तीन महिन्यांतून एकदा आयर्न रिमूव्हर, म्हणजे रुतलेला लोखंडाचा चुरा सोडवणारं द्रव, मारा. फवारला की चुऱ्याच्या जागी जांभळं होतं, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखं, आणि सडक्या अंड्याचा वास येतो. घाबरू नका, तो काम करतोय. तीन-चार मिनिटांत धुऊन टाका, वाळू देऊ नका. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन पुसा. डिझेलचं फडकं लोक सर्रास फिरवतात, पण ते डिस्कला लागलं तर ब्रेक नीट लागत नाही, आणि तुम्हाला रोज घाट उतरायचा असतो. धुतल्यानंतर डिस्कवर रात्रीत तांबूस थर आला तर तो साधा गंज असतो. हळू गाडी चालवून पाच-सहा वेळा ब्रेक दाबलात की जातो.

आता आमच्याकडून काय होईल ते लिहून देतो, म्हणजे काउंटरवर पुन्हा गोंधळ नको.

मागच्या डाव्या चाकाचे ७०० रुपये परत. ते चाक टायर काढून, रंग खरवडून, प्रायमरपासून रंगवावं लागेल. ते काम आम्ही करत नाही. नीट करणारे दोघे जण माहितीचे आहेत, त्यांचे नंबर देऊ. रंगवून आलं की बॅलन्सिंग करून घ्या, आणि चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला आमच्याकडे या, त्याचे पैसे घेणार नाही.

पुढच्या दोन चाकांचा क्लिअर कोट किती खाल्ला गेलाय ते फोटोवरून कळत नाही. तुमच्यासमोर तळहाताएवढी जागा पॉलिश करून बघू. नखाला खडबडीत लागत नसेल तर बहुधा निघेल. निघालं तर दोन्ही चाकं पॉलिश करून पुन्हा कोटिंग करू, फुकट, कारण काय लावायचं नाही हे आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं. नाही निघालं तर तीही रंगवावी लागतील, आणि तो खर्च मात्र आम्ही देणार नाही. मागच्या उजव्याला हात लावायची गरज नाही.

जॉब कार्डवर आता चारही चाकांच्या खरडींचा रकाना टाकलाय, आणि गाडी देताना काय लावू नये त्याचा मराठीत छापलेला कागद हातात देतो. रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही, ते तुम्ही चाकं बघून ठरवा.

रविवारी सकाळी नऊच्या आत या, नंतर गर्दी होते. गाडी धुऊन आणू नका, आहे तशीच आणा. आणि ती बाटलीही घेऊन या, त्यात आणखी काय आहे ते दोघं मिळून वाचू.

— मालक, सातारा