मावशी, त्या गाठी कापू नकोस

रविवारी सकाळी सहकारनगरला मावशीकडे गेले तर गच्चीत वालपापडीचा वेल वर्तमानपत्रावर आडवा पडलेला, आणि मावशी चष्मा लावून कात्रीने त्याच्या मुळांवरच्या गाठी कातरत बसलेली. चांगला फुलावर आलेला वेल. शेजारी टीसीएल पावडरीची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनवाल्या ब्लीचिंग पावडरीची पुडी, सोसायटीची टाकी धुतली तेव्हा उरलेली. "अगं, भिशीच्या ग्रुपवर आलंय," म्हणाली, "मातीतले जंतू मारल्याशिवाय झाड धरत नाही म्हणे."

तो मेसेज तोवर मलाही तीन ठिकाणांहून आला होता. 'मातीतले जंतू हेच झाडांच्या प्रत्येक रोगाचं मूळ' अशी सुरुवात आणि खाली तीन हुकूम. दर पंधरा दिवसांनी कुंडीत टीसीएलचं नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी ओता. मुळांवर गाठी दिसल्या की कापा. पांढरी बुरशी दिसली की माती फेकून द्या. आणि इस्रायलमध्ये मातीशिवाय भाजी पिकते, म्हणजे जंतूंची गरजच नाही! शेवटी 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे'. कुठल्या, ते विचारायचं नाही.

गाठींपासूनच सुरू करते, कारण डोकं त्यानेच फिरलंय. वाल, घेवडा, मटार, मेथी यांच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन झाडाला थेट घेता येत नाही. हे जिवाणू तो वापरता येईल अशा रूपात आणून देतात, आणि झाड त्यांना बदल्यात साखर पुरवतं. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ साली गाठींमधून हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. शेतकरी पेरणीआधी गुळाच्या पाण्यात रायझोबियमचं पाकीट कालवून बियाण्याला चोळतात ते या गाठी याव्यात म्हणून. आणि आपण त्या कात्रीने उडवतोय!

मावशीला पटेना. मग एक टपोरी गाठ नखाने फोडून दाखवली. आत गुलाबी. "अगंबाई, रक्तासारखं!" खरंच तसंच आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलंच एक द्रव्य तिथे असतं, ते ऑक्सिजनला आवर घालतं. गाठ आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. हिरवट-करडी झाली की कामातून गेली.

एक मात्र नाइलाजाने कबूल करते. सगळ्याच गाठी चांगल्या नसतात. टोमॅटो, वांगी, भेंडीच्या मुळांवर सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक, धाग्यासारखे कृमी) गाठी आणतात, आणि तो खरोखरच रोग आहे. वालालाही होतो. पण ओळख अवघड नाही. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली असते, बोटाने चोळली की निघते. सूत्रकृमीने मूळच सुजतं, ते चोळून निघत नाही. आणि तिथेही कात्री उपयोगाची नाही, कारण सूत्रकृमींची अंडी मातीतही असतात.

आता टीसीएल. नेदरलँड्समध्ये काही जमिनी अशा आहेत की तिथे रायझोक्टोनिया ही रोगट बुरशी सोडली तरी बीटाची रोपं फारशी मरत नाहीत. का, याचा शोध घेणारा अभ्यास २०११ साली 'सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात आला. ती माती ८० अंशांपर्यंत तापवली आणि तिची राखण संपली, रोपं मरायला लागली. उलट, रोगाला बळी पडणाऱ्या मातीत तिचा फक्त दहावा हिस्सा मिसळला, तर थोडी का होईना, ती राखण तिकडेही गेली. त्या मातीत जिवाणूंचे आणि त्यांच्यासारख्या सूक्ष्मजीवांचे ३३ हजारांहून जास्त प्रकार सापडले. मेसेजवाल्यांना हे सगळे एकाच नावाने माहीत आहेत, जंतू.

टीसीएल ओतून कुंडी रिकामी केली तर ती रिकामी राहत नाही. पहिल्यांदा घुसतात ते पिथियमसारखे, रोपाची मान कुजवणारे, भराभर वाढणारे. अडवायला कोणी उरलेलं नसतं. शिवाय क्लोरीनने कोवळी मुळं भाजतात ते वेगळंच. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं हे खरं, पण त्याआधी ते मित्र-शत्रू बघत नाही.

रोपवाटिकावाले एप्रिल-मे महिन्यांत वाफ्यांवर प्लॅस्टिक अंथरून माती तापवतात, हेही खरं. पण ते बी टाकण्याआधी, रिकाम्या वाफ्यात. फुलावर आलेल्या वेलाच्या बुडाशी नाही.

पांढरी बुरशी बहुतेकदा पालापाचोळा खाणारी असते. पाणी कमी घाला, वरची माती हलवा, झालं. बुरशी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी एवढं ऐकावं की जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचा घरोबा असतो. ती लांबवरचं स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशांशी लढणारी बुरशी तर लोक पैसे मोजून मातीत घालतात. आपल्या पुण्यातच आघारकर संस्थेत देशभरातल्या बुरशा जपून ठेवल्या आहेत. (संस्था ज्या रस्त्यावर आहे तो आगरकरांचा, संस्था आघारकरांची. गल्लत करू नये.)

इस्रायलचं काय सांगू? मातीशिवायच्या शेतीतही मुळांवर जिवाणू असतातच, आणि तिथला मोठा त्रास कोणता, तर पाण्यातून पसरणारा पिथियम.

वेल परत लावला, पण माना टाकल्यात त्याने. जगेलसं वाटत नाही. कढीपत्त्याच्या कुंडीत टीसीएल एकदाच पडलं होतं. तिच्यातून दोन बादल्या पाणी वाहून जाऊ दिलं आणि वर जुन्या जास्वंदीच्या बुडाची दोन ओंजळी माती घातली. टीसीएलची पुडी मी पर्समध्ये टाकून घरी आणली. मावशीने भिशीच्या ग्रुपवर फुटलेल्या गाठीचा फोटो टाकलाय. खाली आतापर्यंत अकरा नमस्कार आणि एक प्रश्न: "ही भाजी कशी करायची?"