सोबती, कच्चा माल आणि नवखा खेळाडू : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधील क्राफ्टिंग (कच्च्या मालातून वस्तू घडवणे) आणि कम्पॅनियन (संगणक चालवतो ते सोबती) यांवर मी नवख्याच्या नजरेने लिहिलेला लेख आपण इतका बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. स्वतः गोळा केलेल्या मालातून केलेली वस्तू आपल्याला फुकटात पडते हे माझे विधान चुकीचे आहे. नवख्याने पात्राची सर्वोच्च लेव्हल, म्हणजे पातळी, गाठेपर्यंत क्राफ्टिंगला हातच लावू नये. आणि कम्पॅनियनमुळे हजारो माणसांच्या जगात खेळाडू एकटाच हिंडू लागतो, त्यामुळे ऑनलाइन खेळाचा हेतूच हरवतो.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. समजा, एका तलवारीला दहा धातूच्या विटा लागतात, बाजारात एका वीटेला 30 नाणी मिळतात आणि तयार तलवार 240 नाण्यांना विकली जाते. विटा मी स्वतः खाणीतून काढल्या असल्या, तरी त्या विकून मला 300 नाणी मिळाली असती. म्हणजे तलवार करून मी 60 नाणी गमावली आणि वर वेळही घातला. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळात जवळजवळ सर्व जहाजे खेळाडूंनीच बांधलेली असतात, आणि स्वतः खणलेले खनिज फुकटचे समजण्याची चूक तिथल्या जुन्या खेळाडूंना चांगली परिचयाची आहे. मी तीच चूक केली. मूळ लेखातले ते वाक्य मी काढून टाकले आहे आणि त्या जागी हा हिशेब घातला आहे.

मात्र तयार वस्तू कच्च्या मालापेक्षा स्वस्त का होते, याचे कारण आपल्या प्रतिक्रियेत आलेले नाही, आणि नवख्याला नेमके तेच कळायला हवे. अनेक खेळांत कौशल्याची पातळी वाढवण्यासाठी त्याच त्या वस्तू पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. शेकडो खेळाडू विक्रीसाठी नव्हे, तर शिकण्यासाठी त्या करतात आणि उरलेला ढीग मिळेल त्या किमतीला बाजारात ओततात. कच्च्या मालाला मागणी त्यांचीच आणि तयार मालाचा पुरवठाही त्यांचाच, म्हणून मधली पायरी तोट्यात जाते. ज्या वस्तू वापरताच संपतात, त्यांची गोष्ट वेगळी. ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’मधल्या बायोकेम या कौशल्यातून मेडपॅक (जखमा भरणारे औषध) आणि स्टिम (काही काळ ताकद वाढवणारे औषध) तयार होतात, ते वापरले की पुन्हा लागतात, त्यामुळे त्यांची मागणी चिलखताच्या मागणीसारखी एकदा भागली की थांबत नाही. पहिले कौशल्य कोणते घ्यावे, असे आपण शेवटी विचारले होते. त्या खेळापुरते माझे उत्तर बायोकेम हेच आहे, कारण बाजार पडला तरी केलेली वस्तू लढाईत स्वतःच्याच उपयोगी पडते.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. सर्वोच्च लेव्हलच्या खेळाडूला माल पटापट मिळतो आणि वाटेत केलेल्या वस्तू लेव्हल वाढताच निरुपयोगी ठरतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण सगळेच क्राफ्टिंग मालावर चालत नाही. काही खरोखरच्या घड्याळावर चालते. ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये शस्त्रास एखादा खास गुणधर्म देण्यासाठी आधी त्या गुणधर्माचे संशोधन करावे लागते. एका प्रकारच्या वस्तूचा पहिला गुणधर्म शिकायला मुळात 6 तास लागतात आणि पुढचा प्रत्येक गुणधर्म दुप्पट वेळ घेतो. नऊपैकी शेवटच्या एकट्या गुणधर्माला अशा हिशेबाने 64 दिवस लागतात, आणि सर्व नऊ गुणधर्मांची बेरीज 127 दिवसांच्या पुढे जाते. कौशल्याचे गुण खर्च करून हा काळ कमी करता येतो, पण घड्याळ सुरू होते ते आपण एखादी वस्तू संशोधनाला लावू तेव्हाच, आणि नंतर आपण खेळत असू वा नसू, ते चालत राहते. पहिल्याच आठवड्यात लुटीत सापडलेला, विकून जेमतेम काही नाणी देणारा खंजीर संशोधनाला लावणारा नवखा जवळजवळ काहीच गमावत नाही. सर्वोच्च लेव्हलची वाट पाहणारा मात्र कित्येक महिने गमावतो. थांबण्याचा आपला सल्ला आपण पुन्हा तपासून पाहावा, अशी माझी खरोखर विनंती आहे.

‘फायनल फँटसी 14’मध्ये तर क्राफ्टिंग ही बाजूची गोष्टच नाही. तिथे कारागिरीचे आठ स्वतंत्र क्लास, म्हणजे पेशे, आहेत, त्यांची लेव्हल लढवय्या क्लासपासून वेगळी वाढते, आणि वस्तू करताना टिकाऊपणा संपण्याआधी काम पुरे करून दर्जाही वाढवण्याचे डावपेच प्रत्येक पायरीवर लढवावे लागतात. असा खेळ ज्याला आवडतो, त्याला ‘आधी लढाई संपव, मग ये’ असे सांगणे मला पटत नाही.

आता कम्पॅनियन. इथेही आधी एक दुरुस्ती करते. ‘द ओल्ड रिपब्लिक’मध्ये प्रत्येक सोबत्याची भूमिका ठरलेली असते, असे मी लिहिले होते. 2011 च्या डिसेंबरात खेळ सुरू झाला तेव्हा ते खरे होते. कोणी टँक (शत्रूचे वार अंगावर घेणारा), कोणी हीलर (जखमा भरणारा), आणि ज्याला हीलर उशिरा मिळे त्याची वाट खडतर होई. 2015 मधल्या ‘नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर’ या विस्तारापासून कोणताही सोबती टँक, हीलर किंवा हल्लेखोर यांपैकी कोणतीही भूमिका घेऊ शकतो. जुन्या रचनेत निवडीला अधिक वजन होते, हे आपले मत मला योग्य वाटते. नवख्याच्या दृष्टीने मात्र नवी रचना दयाळू आहे, कारण त्याला स्वभावाने आवडलेला सोबती उपयोगाचा नाही म्हणून आपल्या अंतराळयानात मागे सोडून जावे लागत नाही.

याच खेळाने मला दाखवून दिले की क्राफ्टिंग आणि सोबती हे दोन विषय नाहीत. वस्तू आपण स्वतः करत नाही, सोबती करतात. एका पात्राला तीन क्रू स्किल, म्हणजे सोबत्यांकडून करवून घ्यायची कौशल्ये, घेता येतात आणि त्यांतले प्रत्यक्ष वस्तू करण्याचे एकच असू शकते. आपण एका सोबत्याला घेऊन क्वेस्टवर, म्हणजे कामगिरीवर, असताना दुसरा कच्चा माल आणायला गेलेला असतो आणि तिसरा वस्तू घडवत बसलेला असतो. सोबत्याचा आपल्यावरचा विश्वास, ज्याला तिथे इन्फ्लुअन्स म्हणतात, संवादांतून आणि भेटवस्तूंतून वाढतो. तो वाढला की सोबती लढाईत अधिक उपयोगी पडतो आणि काम लवकर उरकतो. मी बऱ्याच दिवसांपर्यंत सर्व भेटी फक्त लढाईतल्या सोबत्याला देत राहिले, आणि कामाला बसवलेल्यांकडे दुर्लक्ष केले. हे जोडकाम मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणूनच मी तो लेख लिहिला.

सोबत्यांमुळे माणूस माणसाला दुरावतो, या आपल्या काळजीला मी हलके लेखत नाही. गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मंडळात, अनोळखी लोकांशी जुळलेली मैत्री कोणताही संगणकी सोबती देऊ शकणार नाही. पण नवखा खेळाडू गटात का येत नाही, याचेही कारण पाहायला हवे. त्याला डंजन, म्हणजे गटाने पार करायची शत्रूंनी भरलेली जागा, ठाऊक नसते, इतरांना ते पाठ असते, आणि आपल्या एका चुकीने चौघांचा वेळ वाया जाईल या धास्तीने तो नाव नोंदवतच नाही. ‘फायनल फँटसी 14’ने 2019 मध्ये ‘शॅडोब्रिंगर्स’ या विस्तारासोबत ट्रस्ट ही सोय आणली. तीत कथेतली पात्रेच आपल्याबरोबर डंजनमध्ये येतात, आणि शत्रूचा मोठा हल्ला पडण्याआधी ती कुठे सरकतात हे पाहून आपल्यालाही कुठे उभे राहायचे ते कळते. चुकलो तर पुन्हा सुरुवात करता येते, कोणाची नाराजी ओढवत नाही. तिथले पहिले डंजन मी असेच तीन वेळा पार केले आणि चौथ्या खेपेस माणसांच्या गटात नाव नोंदवले. सोबती नसते, तर मी ते नोंदवलेच नसते.