नातवंडं डिपेंडंट दाखवायला कोर्टाचा कागद लागत नाही

‘अमेरिकेत नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी जरूर वाचा’ असा एक मेसेज न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच मुद्दे आहेत. कोर्टाची गार्डियनशिप (कायदेशीर पालकत्व) नसेल तर टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेली व्यक्ती, म्हणून नातवंडाचं नाव टाकू नका, तो फ्रॉड धरला जातो. आईवडिलांचं नोटरी केलेलं पत्र असेल तर मूल कुठेही राहत असलं तरी चालतं. मुलाला सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन योजनेचे) पैसे मिळत असतील तर त्याचं नाव टाकता येत नाही. प्रत्येक नातवंडामागे २,२०० डॉलर खात्यात जमा होतात. आणि भारतातली नातवंडंही दाखवता येतात.

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने तो खरा मानला. तिची मुलगी वारली, जावई त्याआधीच वेगळा होऊन दुसऱ्या राज्यात गेला. दोन्ही मुलं तिच्याकडे असतात. ती एका दुकानात अर्धवेळ काम करते, रिटर्न स्वतः भरते, आणि दोन वर्षं तिने मुलांची नावंच टाकली नाहीत. ‘अगं, कागद नाहीये ना माझ्याकडे,’ म्हणाली. वकिलाची फी साठेपर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं. हा मेसेज लिहिणाऱ्याला आणि पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: हे असलं काही पाठवण्याआधी आयआरएसचं (अमेरिकेच्या कर खात्याचं) पब्लिकेशन ५०१ उघडा, डिपेंडंटचे नियम त्या पुस्तिकेत आहेत. ते फुकट आहे, नेटवर आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते. ‘क्वालिफाइंग चाइल्ड’, म्हणजे डिपेंडंट म्हणून दाखवता येणारं मूल, ठरण्यासाठी नात्याची जी अट आहे तिच्यात मुलगा, मुलगी, सावत्र मूल, फॉस्टर मूल (सांभाळायला सोपवलेलं) आणि त्यांच्यापैकी कुणाचीही मुलंबाळं येतात. पब्लिकेशनमध्ये तिथेच उदाहरण म्हणून नातवंड असं नाव घेऊन लिहिलंय. नातं रक्ताचं आहे, तेवढ्याने अट पुरी होते. बाकीच्या अटी अशा: मूल वर्षातला निम्म्याहून जास्त काळ तुमच्या घरी राहिलेलं हवं. वर्षअखेरीस ते १९ पेक्षा लहान हवं. पूर्णवेळ शिकत असेल तर २४ पेक्षा लहान, कायमचं अपंग असेल तर वयाची अट नाही. स्वतःच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग त्याने स्वतः उचललेला नसावा, आणि लग्न झालं असेल तर जोडीदाराबरोबर संयुक्त रिटर्न भरलेलं नसावं. यात गार्डियनशिप कुठेही नाही.

कोर्टाचा आदेश महत्त्वाचा ठरतो तो नात्यात नसलेल्या मुलाच्या बाबतीत. शेजाऱ्याचं, मैत्रिणीचं मूल अधिकृत संस्थेने किंवा कोर्टाने तुमच्याकडे सोपवलं असेल तरच ते फॉस्टर मूल धरलं जातं. मेसेजवाल्याने बहुधा हाच नियम कुठेतरी अर्धवट ऐकला आणि आजीच्या डोक्यावर आणून ठेवला. गार्डियनशिप घेऊ नका असं मी म्हणत नाही. शाळेत, दवाखान्यात सही करताना ती उपयोगी पडते. पण तिच्यासाठी रिटर्न अडवून ठेवायचं काही कारण नाही.

कागद लागतात ते आयआरएसने विचारणा केली तर, आणि ते वेगळे. फॉर्म ८८६-एच-डीईपी या पानावर त्यांची यादी आहे. मूल तुमच्याकडे राहतं हे दाखवायला शाळेचा किंवा डॉक्टरांचा रेकॉर्ड, नाहीतर त्यांच्या लेटरहेडवरचं पत्र. त्यात मुलाचं नाव, तुमचा पत्ता आणि तारखा हव्यात. नातं दाखवायला जन्मदाखल्यांची साखळी: नातवाच्या दाखल्यावर त्याच्या आईचं नाव, आणि आईच्या दाखल्यावर तुमचं. आपल्या लोकांची खरी अडचण इथे येते, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या जुन्या दाखल्यांवर कित्येकदा बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं नाव आणि तारीख असते. लग्नात मुलीचं आडनाव बदललेलं असतं, कधी पहिलं नावही. मग नातवाच्या अमेरिकन दाखल्यावरची आई आणि पुण्याच्या दाखल्यावरची मुलगी एकच आहे हे समोरच्याला कळणार कसं? त्यासाठी लग्नाचा दाखला जोडा, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा, आणि जन्मदाखल्यावर नाव नसेल तर महापालिकेतून नाव चढवून घ्यायच्या मागे आत्ताच लागा. वकिलाच्या फीपेक्षा ही धावपळ कामाची आहे.

नोटरीचं पत्र. त्याने काहीही होत नाही. मूल निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्या घरी राहिलं नसेल तर आईवडिलांनी दहा सह्या केल्या तरी ते तुमचं क्वालिफाइंग चाइल्ड ठरत नाही. घटस्फोटित आईवडील एकमेकांना हक्क सोडतात त्यासाठी फॉर्म ८३३२ आहे, तो आजी-आजोबांसाठी नाही. उलट मुलाची आई किंवा वडील त्याच घरात राहत असतील तर पहिला हक्क त्यांचा. त्यांनी नाव टाकलं नाही आणि तुमचं समायोजित उत्पन्न (ठरावीक वजावटी जाऊन उरलेलं) त्यांच्यापेक्षा जास्त असेल, तरच तुम्हाला टाकता येतं. लांब राहणारा बाप दरमहा पैसे पाठवतो, एवढ्याने मूल त्याचं क्वालिफाइंग चाइल्ड होत नाही.

सोशल सिक्युरिटीचा मुद्दा तर मावशीला थेट लागू होता, कारण मुलांना आईच्या खात्यावरून सर्व्हायव्हर बेनिफिट (पालक वारल्यावर मुलांना मिळणारी सोशल सिक्युरिटीची रक्कम) मिळतं. ते पैसे मुलांचे आहेत, त्यांची सांभाळणी आजीकडे असली तरी ते तिचं उत्पन्न नव्हे. मुलावर खर्च झालेला भाग मुलाने स्वतः उचललेला खर्च धरतात, बँकेत राहिलेला भाग धरत नाहीत. समजा एका मुलाचा वर्षाचा खर्च १८,००० डॉलर आला आणि बेनिफिटमधले ८,००० त्यात गेले, तर निम्म्याच्या आत आहे. नाव टाका.

२,२०० डॉलर हा आकडा खरा आहे, एवढं मान्य करते. २०२५ च्या रिटर्नसाठी १७ वर्षांखालच्या मुलामागे चाइल्ड टॅक्स क्रेडिट तेवढंच आहे. पण ते आधी तुमच्या करातून वजा होतं. कर शून्यावर आला तर रोख परत मिळतात जास्तीत जास्त १,७००, आणि साधारणपणे त्यासाठीही कामाची कमाई २,५०० च्या वर हवी. नुसत्या सोशल सिक्युरिटीवर जगणाऱ्या आजोबांच्या हाती बहुतेक वेळा यातलं काही येत नाही. काम करणाऱ्या आजीला मात्र अर्न्ड इन्कम क्रेडिटही (कमी कमाईच्या कामकऱ्यांसाठीची करसवलत) मिळू शकतं: २०२५ साठी दोन मुलं असतील तर कमाल ७,१५२ डॉलर. तिथे मूल असेल तर आजीच्या वयाला वरची मर्यादा नाही. एकटी असून घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भाग उचलत असेल तर ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (घरप्रमुख) म्हणून २०२५ साठी तिची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम, १५,७५० ऐवजी २३,६२५ होते. मेसेजने हे दोन्ही गाळलंय.

भारतातली नातवंडं: डिपेंडंट अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी हवा, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी. पुण्यात राहणारा भारतीय पासपोर्टवाला नातू यात बसत नाही.

ज्यांनी घाबरून नावं टाकली नाहीत त्यांनी १०४०-एक्स, म्हणजे रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म, भरावा. परतावा मागायला साधारणपणे मूळ रिटर्न भरल्यापासून ३ वर्षं मिळतात, वेळेआधी भरलं असेल तर ती एप्रिलच्या मुदतीपासून मोजतात. दुसऱ्या कुणी तुमच्या नातवंडाचं नाव आधीच टाकल्यामुळे या वर्षीचं ई-फाइल परत आलं, तर आयआरएसकडून आयपी पिन (तुमची ओळख पटवणारा क्रमांक) घ्या. तो टाकून भरलेलं रिटर्न आता स्वीकारलं जातं. खरा हक्क कुणाचा हे आयआरएस नंतर दोघांकडून कागद मागवून ठरवतं, म्हणून शाळेचं पत्र आधीच आणून ठेवा.