भरती आणि हाय टाइड

आज भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. घरी येऊन दोन तास झाले, तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

गोव्यात पेडण्यातली शाळा. नाव लिहीत नाही. तीन टेबलांवर तेच ज्वालामुखी, खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून फेस काढायचा. दोन टेबलांवर विकत आणलेल्या किटचे रोबोट. एका कोपऱ्यात सातवीतली एक मुलगी थर्माकोलची पृथ्वी आणि चंद्र घेऊन उभी होती. मी जवळ गेल्याबरोबर तिने एका दमात इंग्रजीतून म्हणायला सुरुवात केली : हाय टाइड, लो टाइड, ग्रॅव्हिटेशनल पुल. एक शब्द चुकला नाही. मी सहज विचारलं, "बाय, आज भरती कितीला गं?" ती गप्प. शिक्षिकेकडे बघायला लागली. बाई पटकन म्हणाल्या, "मॅडम, ते सिलॅबसमध्ये नाही."

शाळेच्या मागे पाच मिनिटांवर खाजन आहे हो, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं! शापोरा नदीचं पाणी बांधाला लागतं तिथं. आणि भरतीची वेळ सिलॅबसमध्ये नाही?

मी आठवीत असताना आमच्या मास्तरांनी एका शनिवारी अख्खा वर्ग मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, नेला होता. हातात चुन्याच्या रेघा मारलेली एक काठी, बाकी काही नाही. ती चिखलात रोवली आणि सांगितलं, दर अर्ध्या तासाने पाणी कुठल्या रेघेवर आहे ते लिहा. मग विचारलं, "मानशीचं दार कोण लावतं?" आम्ही सगळे ओरडलो, "मानशीवाला!" मास्तर म्हणाले, बसा आणि बघा. भरती चढू लागली, नदीच्या बाजूने पाणी रेटू लागलं आणि फळ्यांचं ते दार आपलं आपण चौकटीवर जाऊन बसलं. आसपास माणूस नव्हता. ओहोटी लागल्यावर आतल्या पाण्याने तेच दार बाहेर ढकललं. पाण्याचा दाब म्हणजे काय, हे मला त्यानंतर कोणी शिकवावं लागलं नाही. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी बांधलेली ही व्यवस्था. खारं पाणी शेतात शिरत नाही, चुकून थोडं शिरलंच तर कोरगुट हा खारेपणा सोसणारा भात तग धरतो. यात भौतिकशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, इंजिनिअरिंग आहे. आणि आपण मुलांना थर्माकोल कापायला लावतो.

रोबोटिक्स नको असं मी म्हणत नाही. कोडिंग आलंच पाहिजे, सरकारी शाळेतल्या पोराच्या हातातही किट पडलं हे चांगलंच झालं. शिक्षकांच्या मानेवर निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं असतात, तेही मान्य. पण चुना आणि काठी यांना कुठलं टेंडर लागतं? माशेलचे शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर त्यांच्या भावे सरांची आठवण नेहमी सांगतात. सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला होता. एक भिंग आणि ऊन, एवढंच भांडवल.

माझा खरा राग वेगळाच आहे. चौथीपर्यंत ही मुलं मराठीतून, कोकणीतून शिकतात. पाचवीला इंग्रजी पुस्तक हातात येतं आणि त्या दिवसापासून घरातली भरती वेगळी, पुस्तकातली हाय टाइड वेगळी. दोन्ही एकच, हे त्यांना कोणी सांगतच नाही. इंग्रजीला माझा विरोध नाही, पुढे लागतंच. पण आमच्या मास्तरांनी आधी काठी दाखवली, शब्द नंतर दिला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच वेळेला आम्ही परत गेलो तर पाणी आदल्या दिवसापेक्षा खालच्या रेघेवर! भरती जवळपास ५० मिनिटं उशिरा येत होती. का? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला तेवढा जास्त वेळ लागतो. हे मास्तरांनी सोमवारी सांगितलं. रविवारभर आम्हाला डोकं खाजवू दिलं.

बाईंवर मी चिडले, ते आता मनाला लागतंय. त्यांनाही कोणी मानशीवर नेलं नसेल.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बाई दुसऱ्या टेबलाकडे गेल्या, तशी ती मुलगी अगदी हळू आवाजात कोकणीतून मला म्हणाली, पप्पा काल रात्री पावणेनवाला मानशीवर जाळं लावायला गेलेले, आज साडेनवाला जाणार. ओहोटी लागली की मासळी पाण्याबरोबर बाहेर येते ना, म्हणून.

पावणेनऊ आणि साडेनऊ. पोरीला सगळं माहीत होतं! कालची वेळ, आजची वेळ, मधला फरकसुद्धा. फक्त हे विज्ञान आहे आणि बक्षीस याला मिळायला हवं, हे तिला माहीत नव्हतं. बक्षीस ज्वालामुखीला मिळालं.

मी तिला विचारलं, पप्पा आम्हाला बघायला येऊ देतील का? ती इतकी हसली की काय सांगू. तिच्या वडिलांशी संध्याकाळी फोनवर बोलणं झालं, ते तयार आहेत. येत्या शनिवारी भाचीला घेऊन मी जातेय, रविवारी त्याच वेळेला परत. चुना आणून ठेवलाय. ज्यांना मुलं पाठवायची असतील त्यांनी कळवा, बांधावर मोठी माणसं सोबत लागतील. चपला चिखलात रुततात, जुन्या घालून पाठवा.